न्यायमूर्ती स्कालिया यांचा मृत्यू आणि ‘लपवलेले संकेत’ : मामांना काय उत्तर द्यावे?

मुलुंडची वाचक :
अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे ज्येष्ठ न्यायमूर्ती अँटोनिन स्कालिया १३ फेब्रुवारी २०१६ रोजी टेक्सासमधील एका रँचवर (मोठ्या खासगी कुरण-शेतावर) मृतावस्थेत आढळले. हा घातपातच होता, असे सांगणारे व्हिडिओ माझे मामा गेले दोन आठवडे घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पाठवत आहेत. डोक्यावर उशी होती, शवविच्छेदन झाले नाही आणि नावांतल्या अक्षरांत संकेत दडले आहेत, असे त्यांचे तीन मुद्दे आहेत. मामांची सगळी नोकरी बँकेत हिशेब तपासण्यात गेली, त्यामुळे त्यांना उडवून लावणे मला जमत नाही आणि शोभतही नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त शिरस्तेदार, गिरगाव :
ताई, उशीपासून सुरुवात करतो, कारण संशयाला तोंड तिथूनच फुटले. रँचचे मालक जॉन पॉइंडेक्स्टर यांनी उशी डोक्यावर होती असे आधी सांगितले आणि काही दिवसांतच खुलासा केला, की ती डोके आणि पलंगाची पाठ यांच्यामध्ये होती, तोंडावर नव्हती. पहिले वाक्य जगभर फिरले, खुलासा मात्र फारसा कोणी वाचला नाही. ‘वर’ या एका शब्दावरून उलटतपासणीत अख्खी दुपार गेलेली मी पाहिली आहे, म्हणून मामांना दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचायला सांगावे.

शवविच्छेदन कुटुंबीयांनीच नको म्हटले. तिथल्या काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्यासारख्या विभागाच्या) न्यायाधीश सिंडरेला गेव्हारा यांनी मृतदेह न पाहता, फोनवरून नैसर्गिक मृत्यूची नोंद केली. आपल्याला हे विचित्र वाटते, पण टेक्सासच्या कायद्यात तशी मुभा आहे. स्कालिया ७९ वर्षांचे होते, आणि हृदयविकार, मधुमेह, उच्च रक्तदाब व झोपेत श्वास अडकण्याचा विकार त्यांना होता, हे डॉक्टरांच्या पत्रातच नमूद आहे.

परळची गणित शिक्षिका :
अक्षरांच्या आकड्यांविषयी लिहिते. ए म्हणजे १, बी म्हणजे २ असे धरून बेरीज करण्याची ही रीत आहे. त्याच रीतीने मी काल आपल्या स्थानकांची इंग्रजी नावे कागदावर मांडली. ठाणे ४८ आणि लगतचे कळवाही ४८! परळ ५२, वसई ५२. रेल्वेने यात काही लपवले आहे असे कोणी म्हणणार नाही. पाच-सहा अक्षरांच्या नावांच्या बेरजा थोड्याच आकड्यांत फिरतात, त्यामुळे पुरेशी नावे घेतली की जुळणी निघतेच. काय जुळले पाहिजे हे आधी लिहून ठेवलेले नसेल, तर नंतर सापडलेल्या जुळणीला पुरावा म्हणता येत नाही.

वकील, दादर :
शिरस्तेदारसाहेबांशी मी बहुतांशी सहमत आहे, तरीही शवविच्छेदन व्हायलाच हवे होते असे माझे स्पष्ट मत आहे. ते राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीचे वर्ष होते. रिकाम्या जागेसाठी तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी मेरिक गार्लंड यांचे नाव सुचवले, पण अशा नेमणुकांना मंजुरी देणाऱ्या सिनेटने त्यांची सुनावणीसुद्धा घेतली नाही, आणि २०१७ मध्ये ती जागा नवे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सुचवलेल्या नील गॉर्सच यांना मिळाली. इतके पणाला लागलेले असताना कायद्याने चालते तेवढ्यावर थांबणे ही चूक होती. मात्र तपास अपुरा होता, याचा अर्थ खून झाला असा होत नाही, आणि मामांशी बोलताना हे दोन मुद्दे वेगळे ठेवावेत.

मुलुंडची वाचक :
मनापासून आभार. मामा रविवारी जेवायला येणार आहेत. शवविच्छेदनाविषयीची त्यांची तक्रार रास्त आहे, हे मी त्यांना आधी सांगेन, आणि मग ठाणे-कळव्याची बेरीज त्यांनाच करायला देईन.