नाण्याची खाच काढू नका
वेंडिंग मशीनमधली नाण्यांची सोय काढून फक्त कार्ड आणि क्यूआर ठेवावं, हे मत मला पटत नाही. कार्डाला विरोध नाही ओ. 1 जानेवारी 2021 पासून 5,000 रुपयांपर्यंत पिन न टाकता कार्ड टेकवून पैसे भरता येतात, चहा-बिस्किटाला ते सोयीचंच आहे.

पण आमच्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरकडच्या गावातलं शुद्ध पाण्याचं मशीन बघा. 5 रुपयांचं नाणं टाकलं की 20 लिटरचा कॅन भरतो. शेजारच्या काकूंकडं साधा फोन आहे, पडद्यावरचं कन्नड वाचता येत नाही. नाणं मात्र त्यांना कळतं. उद्या खाच बुजवली तर प्यायच्या पाण्यासाठी त्यांनी रोज कुणाच्या तोंडाकडं बघायचं?

दुसरं, मशीनवर नुसता क्यूआर चिकटवणं आणि आत कार्ड रीडर जोडणं यात फार फरक आहे. नीट जोडलेला रीडर आधी रकमेची परवानगी घेतो, मग वस्तू पडली की नाही ते मशीन त्याला कळवतं. नाही पडली तर व्यवहार रद्द करता येतो. चिकटवलेल्या क्यूआरला यातलं काहीच कळत नाही. बेळगावात एकदा माझे 20 रुपये असेच गेले, बाटली वर अडकलेली आणि विचारायला माणूस नाही.

म्हणून कार्ड जरूर आणा, पण रीडर आत जोडलेला हवा, तक्रारीचा फोन नंबर मराठी-कन्नड दोन्हीत लिहिलेला हवा. आणि पाण्याच्या मशीनची खाच आहे तशी राहू दे.