मदत हवी आहे : लेकीचा ताप उतरलाय पण ती मलूल आहे, रात्रीच निघू की सकाळी?

शुक्रवार, रात्री १०.४०

कोणी जागं असेल तर पटकन सांगा प्लीज. लेक साडेचार वर्षांची, वजन १५ किलो (गेल्या महिन्यात अंगणवाडीत केलेलं). सोमवारी रात्रीपासून ताप, १०२-१०३ च्या मध्ये. मंगळवारी गावातल्या डॉक्टरांकडे नेलं, ते म्हणाले व्हायरल आहे, सगळीकडे चाललंय, २५० ची पॅरासिटामॉलची बाटली दिली आणि नाहीच उतरला तर म्हणून अजून एक छोटी बाटली. पॅरासिटामॉल ४ मिली देत होते सहा-सहा तासांनी, छोटीतलं दोनदाच दिलंय. आज दुपारपासून ताप नाही. आत्ता ९८.४, दोनदा थर्मामीटर लावला कारण माझाच विश्वास बसेना. सासूबाई म्हणतायत उतरला ना ताप, घाम पण आलाय, मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढलीय, आता झोपू दे पोरीला.

पण मला लक्षण काही बरं वाटत नाहीये. १०३ असताना पण औषध लागू झालं की ती उठून मोदकाचा साचा घेऊन अंगणात चिखलाचे मोदक पाडत होती, ओरडून ओरडून घरात आणावं लागत होतं, आणि आता ताप नाही तर नुसती भिंतीकडे तोंड करून पडलीय, हाक मारली की डोळे उघडते आणि परत मिटते. पोट दुखतं म्हणते. संध्याकाळपासून तीन उलट्या, पेज दिली तीही पडली. हातपाय गार. शू शेवटची चार वाजता, त्यानंतर नाहीच. आणि वाडीत खालच्या दोन घरांत डेंग्यू निघालाय गणपतीनंतर.

आता तुम्ही म्हणाल मग विचारतेस काय. तर जूनमध्ये साध्या सर्दीला घाबरून मी रात्री ११ ला रिक्षा करून नेलेलं, आठशे रुपये भाडं, तिथे सांगितलं की जरा धीर धरत जा ताई. घरात अजून त्यावरून चिडवतात. नवरा मुंबईला परत गेलाय, दिरांचा टेम्पो आहे पण आमचं घर वरच्या अंगाला, पाखाडी ओली, तालुक्याला पाऊण तास. परत तसंच झालं तर, असं वाटतंय.

दुधाची_साय, १०.४५
अगं निघ. आठशे रुपये गेले तर गेले.

बंडूकाका, १०.४७
घाबरू नका, ताप उतरणं चांगलंच असतं. पपईच्या पानांचा रस द्या दोन चमचे, प्लेटलेट वाढतात.

रात्रपाळी, १०.५१
काका, तीन उलट्या झालेल्या पोरीला पपईचा रस कसला देताय.
ताई, मी लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे. डेंग्यू असेल तर ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जपायचे असतात. रक्तवाहिन्यांमधलं पाणी बाहेर झिरपायला लागतं, बीपी खाली जातो, म्हणून मूल गार पडतं, पोट दुखतं, शू कमी होते. बाहेरून दिसतं काय, तर ताप गेला. डेंग्यू आहे की नाही ते तिथे रक्त तपासून कळेल, पण हाक मारल्यावर धड जागी न होणं, पोटात काही न ठरणं, सहा-सात तास शू नाही, हातपाय गार, यातली कुठलीच गोष्ट कुठल्याच आजारात सकाळपर्यंत थांबायची नाही. थर्मामीटर ठेवून द्या आता.
जाताना चार कामं. तिचा हात छातीच्या उंचीला धरून बोटाचं नख पाच सेकंद दाबा आणि सोडा, दोन सेकंदांत गुलाबी झालं पाहिजे. हे निघायचं की नाही ठरवायला नाही, तिथे सांगायला. छोट्या बाटलीवर आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक लिहिलेलं असेल तर एक थेंब देऊ नका, बाटली सोबत घ्या. हाक मारल्यावर नीट जागी झाली तरच ओआरएस द्या, चमच्या-चमच्याने, एक लिटरचं पाकीट असेल तर ते अख्खं एक लिटर पाण्यातच, अर्धं पाकीट ग्लासात असलं काही नको. आणि १०८ ला फोन करून किती वेळ लागेल विचारा, टेम्पो आधी पोचत असेल तर टेम्पो.

मूळ लेखिका, ११.०२
नख दाबलं, मनात चार मोजले तेव्हा गुलाबी झालं, माझं स्वतःचं लगेच होतंय. बाटलीवरची अक्षरं इतकी बारीक की मोबाईलवर फोटो काढून मोठा करून वाचलं, मेफेनामिक ॲसिड आहे. १०८ वाले ४० मिनिटं म्हणाले. दीर टेम्पो काढतायत. हे सगळं सासूबाईंना वाचून दाखवलं तर काही बोलल्या नाहीत, उठून पिशवीत तिचे कपडे आणि बॅटरी भरली. निघतो.

मूळ लेखिका, शनिवार दुपार
सगळ्यांना एकदमच लिहिते. बारा-दहाला पोचलो. डेंग्यूच निघाला. लगेच सलाईन लावलं. प्लेटलेट ५८ हजार, मी त्या आकड्यानेच रडायला लागले पण डॉक्टरांचं त्याच्याकडे फार लक्षच नव्हतं, ते हिमॅटोक्रिट बघत होते, रक्त किती घट्ट झालंय ते, दर काही तासांनी परत परत. सोनोग्राफीत पोटात पाणी दिसलं. आल्या आल्या दोनच प्रश्न विचारले, ताप कधी उतरला आणि शू कधी झाली, आणि मला तिथे काहीच आठवेना, मग हाच धागा उघडून वाचून दाखवला. पहाटे चारला शू झाली, कपात मोजली, आयुष्यात शू बघून इतका आनंद झाला नव्हता. आता साचा मागतेय.

एक अजून. धाकटा दीड वर्षाचा, सासूबाईंकडे आहे, त्याला आज सकाळी १००.८, नाक वाहतंय, थोडा खोकला. त्यालाही आणायला सांगू का?

रात्रपाळी, शनिवार ३.१५
खेळतोय का, पितोय का ते विचारा आधी. दोन्ही हो असेल तर लगेच आणायची घाई नको, पण वाडीत डेंग्यू आहे, तेव्हा ताप दोन दिवस टिकला तर दाखवाच. खोकल्याचं औषध मनाने देऊ नका, घरात मोठीचं उरलेलं असेल तर तेही नाही. तो झोपला की शर्ट वर करून पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर-खाली होतं ते मोजायला सांगा. ४० किंवा जास्त भरलं, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडायला लागला तर वाट बघायची नाही. सासूबाईंना घड्याळ लावून मोजायला जमेल ना?

मूळ लेखिका
जमेल. उकड कधी झाली ते घड्याळ न बघता सांगतात, पण यावेळी बघा म्हणते.