सात जणांसाठी डेक मोकळं केलं: मिडवेच्या कप्तानाचं बरोबर की चूक?

शिडाचं_गलबत

परवा घरी वाद झाला, तोच इथे आणतोय. दक्षिण व्हिएतनामची राजधानी सायगाव उत्तरेच्या फौजांच्या हाती पडलं तेव्हाची गोष्ट आहे, एप्रिल १९७५ ची अखेर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो.

२९ एप्रिलला अमेरिकेने 'ऑपरेशन फ्रीक्वेंट विंड' सुरू केलं, म्हणजे सायगावातून हेलिकॉप्टरने माणसं उचलून समुद्रातल्या जहाजांवर आणायची. 'मिडवे' ही विमानवाहू नौका त्यात होती. कप्तान लॉरेन्स चेंबर्स, अमेरिकी विमानवाहू नौकेचे पहिले कृष्णवर्णीय कप्तान. पदावर येऊन जेमतेम पाच-सहा आठवडे झालेले. डेकवर हेलिकॉप्टरांची ही दाटी. अमेरिकेची तर होतीच, शिवाय दक्षिण व्हिएतनामी वैमानिक न विचारता, न सांगता आपापली ह्यूई हेलिकॉप्टरं घेऊन येत होते आणि मोकळी जागा दिसेल तिथे टेकत होते.

त्यात एक इवलंसं सेसना बर्ड डॉग येऊन जहाजाभोवती घिरट्या घालू लागलं. दोन माणसांचं विमान. चालवणारा दक्षिण व्हिएतनामच्या हवाईदलातला मेजर बुआंग ली, आणि आत त्याची बायको आणि पाच मुलं. कोन सोन बेटावरून निघालेला. हेडसेट नाही, म्हणजे बोलणं अशक्य. चिठ्ठ्या टाकल्या, त्या वाऱ्याने पाण्यात गेल्या. शेवटी एक डेकवर पडली. मजकूर असा की हेलिकॉप्टरं बाजूला घ्या, मी उतरू शकतो, अजून तासभर उडता येईल, तेवढ्यात तुमचं हलवून होईल, वाचवा. खाली मेजर बुआंग, बायको आणि पाच मुलं.

चेंबर्सने डेक मोकळं करायला लावलं. जी हेलिकॉप्टरं हलवायला जागा किंवा वेळ नव्हता ती सरळ समुद्रात ढकलली. एकूण किंमत एक कोटी डॉलरच्या घरात सांगतात. किती गेली ते आपण पाहिलंच नाही, मुद्दाम नजर वळवली, म्हणजे चौकशीत आकडा सांगावा लागू नये, असं चेंबर्स पुढे सांगत. कोर्ट-मार्शल होणार अशीच त्यांची समजूत होती. विमान उतरलं, एकदा उसळलं आणि थांबलं. सातही जण सुखरूप.

माझं मत असं की हा दयेचा निर्णय नव्हताच. उपलब्ध पर्यायांत तोच सगळ्यात व्यवहारी होता. घरच्यांचं म्हणणं, 'सिनेमात शोभतं, नौदलात नाही.' बोला.

हिशेबनीस

घरच्यांशी सहमत.

एक म्हणजे, त्या दिवशी मिडवेचं काम बुआंगला वाचवणं नव्हतं. हजारो माणसं आणायची होती, पैकी तीन हजारांवर एकट्या मिडवेवर आली. त्या कामाचं साधन म्हणजे मोकळं, चालू डेक. एक विमान त्या डेकवर आडवं होऊन पेटलं असतं तर पुढची हेलिकॉप्टरं कुठे उतरली असती? सात जणांचा जीव एका पारड्यात टाकताना दुसऱ्या पारड्यात काय होतं ते कोणी बोलतच नाही.

दुसरं, पायंडा. न विचारता येणाऱ्याला जागा दिली की मागचा येणारच. आणि आलेच ना! त्याच सुमारास आणखी पाच ह्यूई येऊन टेकली, तीही ढकलावी लागली.

तिसरं आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की आपण हा निर्णय शेवट माहीत असताना वाचतोय. विमान उलटून पाच-सहा खलाशी गेले असते तर हाच धागा 'एका कप्तानाचा अविचार' या नावाने निघाला असता. जुगार लागला म्हणून तो हिशेब ठरत नाही.

तिरकस

एक कोटी डॉलर म्हणे. दुसऱ्या दिवशी ज्या सरकारची ती हेलिकॉप्टरं होती ते सरकारच उरलं नाही. बिल कोणाच्या नावे फाडायचं, हिशेबनीस?

पंखा_आणि_पाते

जुगार म्हणण्याआधी आकडे बघू या. मी विमानांच्या देखभालीत आयुष्य काढलंय, वैमानिक नाही, तेव्हा वैमानिकांनी चूक काढावी.

चेंबर्सने मुख्य अभियंत्याकडे २५ नॉट वेग मागितला. एवढा मिळणार नाही असं उत्तर आलं, तेव्हा जहाजाची घरगुती वीज आणीबाणीच्या डिझेल जनित्रांवर टाका आणि सगळी वाफ पंख्यांना द्या असा हुकूम गेला. समोरून वारा साधारण १५ नॉट. म्हणजे डेकवरून ४० नॉटचं, ताशी ७४ किलोमीटरचं वारं वाहतंय. बर्ड डॉग साधारण ६० नॉटने उतरायला येतं असं धरा. डेकच्या हिशेबाने त्याचा वेग उरला २० नॉट, ताशी ३७ किलोमीटर. हा लुनाचा वेग झाला! आणि समोर सुमारे ३०० मीटर लांबीचं जहाज.

दुसरी गोष्ट केबलची. जेटला अडवायला डेकवर ज्या पोलादी केबली आडव्या ताणलेल्या असतात त्या डेकपासून थोड्या वर उचललेल्या असतात, शेपटीचा हुक अडकावा म्हणून. बर्ड डॉगला हुक नाही, चाकं लहान. त्याच केबलीत पाय अडकून ते तोंडावर पडलं असतं. चेंबर्सने त्या काढायला लावल्या. तिसरी गोष्ट म्हणजे जहाज वेगात असलं की डेकच्या मागच्या टोकाशी हवा खाली खचते आणि हलकं विमान तिथे बदकन खाली जातं. त्याबद्दलची सूचना रेडिओवर इंग्रजीत आणि व्हिएतनामीत आंधळेपणाने देत राहिले, ऐकू जातंय की नाही याची खात्री नसताना.

ज्याने एवढं केलं तो फासे टाकत नव्हता. आणि हुक नसलेलं विमान नौकेवर उतरवणं हे काही तेव्हा पहिल्यांदा घडत नव्हतं. जून १९४० मध्ये नॉर्वेतून माघार घेताना ब्रिटिश हवाईदलाच्या हरिकेन विमानांनी 'ग्लोरियस' या ब्रिटिश विमानवाहू नौकेवर असंच केलं होतं. ब्रेक मारल्यावर नाकावर पडू नये म्हणून शेपटीत वाळूची पिशवी ठेवून. वैमानिकांनी त्याआधी कधी नौकेवर विमान उतरवलेलं नव्हतं. एकही विमान फुटलं नाही.

हिशेबनीस

ग्लोरियसचं उदाहरण तुम्ही आणलंत, बरं झालं. पुढचं वाक्य का गाळलंत? त्याच दिवशी, ८ जूनला, शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउ या जर्मन युद्धनौकांनी ग्लोरियस बुडवली. दोन सोबतच्या विनाशिकांसह दीड हजारांवर माणसं गेली. त्या हरिकेनवाल्या वैमानिकांपैकी दोघे वाचले. उतरणं झकास झालं, पण ज्याच्यावर उतरले तेच गेलं. जहाज आधी, विमान नंतर, हेच माझं म्हणणं आहे.

आणि डेकवरचा अपघात म्हणजे काय ते मे १९८१ मध्ये 'निमिट्झ' या अमेरिकी विमानवाहू नौकेवर दिसलं. फ्लोरिडाच्या किनाऱ्याजवळ रात्री उतरताना एक प्राउलर विमान डेकवर कोसळलं आणि आग लागली. १४ जण मेले, त्यात विमानातले तीनच. बाकीचे डेकवर काम करणारे. ते तर हुक असलेलं, नौकेसाठीच बनवलेलं विमान होतं, रेडिओ चालू, दिवे चालू. लुनाचा वेग वगैरे ठीक आहे, पण त्या लुनाच्या टाकीत तासभराचं पेट्रोल होतं आणि बाजूला निर्वासितांनी भरलेलं जहाज होतं.

शिडाचं_गलबत

ग्लोरियस बुडाली त्यात हरिकेनांचा दोष काय? तिच्यावरून टेहळणीला एकही विमान वर नव्हतं, तो वेगळाच विषय आहे. ओढून आणू नका.

हिशेबनीस

दोष म्हटलेलंच नाही. प्राधान्य म्हटलं.

जुना_दर्यावर्दी

वाचून राहवलं नाही. मी जुन्या विक्रांतवर डेकवर काम केलंय, ७१ नंतरची माझी भरती. सी हॉक आणि अलिझे, दोन्हींच्या चाकांखाली लाकडी ठोकळे सारलेत. तुमच्या वादात दोघांचंही थोडं थोडं सुटतंय असं वाटतं.

डेकवरच्या माणसाला विमान कोणाचं, आत बाई आहे की मूल, याच्याशी त्या क्षणी घेणं नसतं. डेक 'क्लिअर' आहे की 'फाउल', एवढाच सवाल. अडथळा असेल तर फाउल, आणि फाउल डेकवर कोणी उतरत नाही. मिडवेवर ती ह्यूई हेलिकॉप्टरं बुआंग येण्याआधीपासूनच अडथळा होती. ती ना त्या जहाजाची, ना ती पुन्हा उडवायला कोणी होतं. डेक अडलं की मोडकं विमान समुद्रात ढकलायचं हे दुसऱ्या महायुद्धापासून चालत आलंय. आपल्याला एक कोटी डॉलर ऐकून धक्का बसतो. डेकवरच्याला बसत नाही. त्याच्या लेखी ते भंगार, आणि वाटेत पडलेलं.

हिशेबनीस म्हणतात डेक चालू राहायला हवं होतं. मग ते मोकळं करणं हेच तर काम होतं! बुआंगने ते फक्त लवकर करायला लावलं.

आता गलबतराव, तुमची बाजू. 'व्यवहारी निर्णय' म्हणून तुम्ही सगळं चेंबर्सच्या पदरात टाकताय. ब्रिजवरून, म्हणजे कप्तानाच्या जागेवरून, हुकूम सुटला, ढकललं कोणी? हाताला काम नाही त्या प्रत्येकाला वर बोलावलं होतं, हुद्दा न बघता. स्वयंपाकी असेल नाहीतर कारकून. ह्यूईला चाकं नसतात, घसरपट्ट्या असतात. ओल्या डेकवर, वाऱ्यात, ते धूड कडेपर्यंत रेटत न्यायचं आणि स्वतः मागे थांबायचं. मी चाकांचं विमान ढकललंय, त्यातही पाय सटकतो.

वाऱ्याचं मात्र पंखेरावांनी नेमकं सांगितलं. ७१ मध्ये विक्रांतच्या एका बॉयलरला तडे गेलेले, पूर्ण वेग मिळत नव्हता, आणि तशीच ती बंगालच्या उपसागरात गेली. अलिझे जड विमान. समोरून वारा मिळेपर्यंत सगळे आकाशाकडे बघत बसायचे, असं आमचे वरिष्ठ सांगत. जहाजाचा वेग म्हणजे वैमानिकाच्या हातातली धावपट्टीच. चेंबर्स स्वतः वैमानिक, त्याला ते सांगायला नको होतं.

माहीमची_पोर

मला एक कळत नाही. त्याला जहाजाशेजारी पाण्यात उतरवून होडीने का नाही उचललं? डेकला धोका नाही, हेलिकॉप्टरं शाबूत, हिशेबनीसही खूश. त्याच दिवसांत 'कर्क' नावाच्या छोट्या युद्धनौकेजवळ एक व्हिएतनामी वैमानिक, बा न्युयेन, मोठं चिनूक हेलिकॉप्टर घेऊन आला होता. ते त्या नौकेवर मावणं शक्यच नव्हतं. त्याने वर तरंगत ठेवून एकेकाला खाली सोडलं, खलाशांनी पोरं झेलली. मग चिनूक लांब नेलं, एका कुशीवर कलतं केलं आणि स्वतः उडी मारली. वाचला की.

पंखा_आणि_पाते

तो एकटा उरल्यावर पाण्यात गेला, हे तुझ्याच गोष्टीत आहे. हेलिकॉप्टर एका जागी थांबतं, विमान थांबत नाही.

बर्ड डॉगची चाकं आत घेता येत नाहीत. पाण्याला आधी चाकं लागणार आणि ते पुढे कोलांटी खाणार. उलट्या विमानात, पाण्याखाली, दोन माणसांच्या जागेत कोंबलेली पाच मुलं बाहेर कशी काढणार? पाण्यात उतरवायचा विचार झाला होता. आत किमान चार जण आहेत असं टेहळ्याने सांगितलं आणि तो विचार संपला.

जुना_दर्यावर्दी

आमच्याकडे विमानं उतरताना एक अलुएट हेलिकॉप्टर कायम बाजूला तरंगत असायचं, कोणी पाण्यात गेला तर उचलायला. ते एका वैमानिकासाठी, ज्याने सराव केलाय, ज्याच्या अंगात जीवरक्षक जाकीट आहे. लेकरांसाठी नाही, बाई.

हिशेबनीस

पाण्यात उतरवणं शक्य नव्हतं, हे मान्य. हेलिकॉप्टरांची किंमत हा मुद्दाही मी मागे घेतो, दर्यावर्दी काकांचं भंगारवालं म्हणणं पटलं.

पण डेकवरच्या धोक्याचं उत्तर मला अजून कोणी दिलेलं नाही. २५ नॉट, काढलेल्या केबली, सगळं ठीक. त्याने शक्यता वाढली, खात्री झाली नाही. मेजर बुआंगने आयुष्यात कधी नौकेवर विमान उतरवलं नव्हतं. ज्यांच्या जिवावर हा प्रयोग झाला त्या डेकवरच्यांना कोणी विचारलं का? काकाच म्हणतात, हुकूम वरून सुटला. चेंबर्सला आपण शाबासकी देतो कारण त्याने स्वतःची नोकरी पणाला लावली. मला खटकतं ते हे, की त्याने दुसऱ्यांचे पायही पणाला लावले.

जुना_दर्यावर्दी

विचारत नाहीत. विचारायचं असतं तर आम्ही बँकेत लागलो असतो.

पण एक सांगतो. विमान थांबलं तेव्हा डेकवरचे लोक त्याच्याकडे धावत गेले, वाऱ्याने मागे उडून जाऊ नये म्हणून ते हातांनी धरून ठेवायला. ४० नॉट वाऱ्यात तेवढं हलकं विमान उभं राहत नाही. त्यांना तसं जा म्हणून कोणी सांगितलं असेल-नसेल. ज्याला आपले पाय पणाला लागल्याचा राग आलाय तो असा धावत नाही.

हिशेबनीस

धावलेले दिसतात. कडेला उभे राहिलेले फोटोत येत नाहीत, काका. मी माझ्या जागी ठाम आहे.

फ्लोरिडाची_मावशी

उशिरा आले. हे विमान मी पाहिलंय. पेन्साकोलाच्या नौदल हवाई संग्रहालयात ठेवलंय, आमच्या घरापासून गाडीने काही तासांवर. भाचा आला होता नागपूरहून, त्याला घेऊन गेले. आजूबाजूला एवढाली जेट, आणि हे मध्येच, आपल्याकडच्या जत्रेत फोटो काढायला पुठ्ठ्याचं विमान ठेवतात तसं. भाच्याने आधी बघितलंसुद्धा नाही, सरळ पुढे गेला.

मी माहिती वाचून दाखवली तसा परत आला आणि मागच्या सीटमध्ये डोकावता येतंय का बघू लागला. मग बोटं मोजायला लागला, कोण कुठे बसलं असेल म्हणून. आई मागे, तिच्या मांडीवर दोन, पायाशी दोन... पाचवं कुठे बसवायचं यावर आम्ही बराच वेळ तिथे उभ्या उभ्या भांडलो. हिशेबनीस, तुम्हीच बघा बरं जमतं का.