नोंदी कॉपी करू नका, जागेवरूनच वाचा

वाचनालयाची ग्रंथसूची वेगळ्या मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये आहे आणि ती द्रुपलच्या (वेबसाइट बनवायच्या सॉफ्टवेअरच्या) साइटवर दाखवायची आहे, हा मूळ प्रश्न. आधीच्या उत्तरात सुचवलेला मार्ग, म्हणजे मायग्रेट (बाहेरचा डेटा द्रुपलमध्ये आणणारं मॉड्यूल) वापरून सगळं नोडमध्ये, म्हणजे द्रुपलच्या स्वतःच्या नोंदींमध्ये, आणणं, जुना डेटा एकदाच हलवायचा असेल तर उत्तम. पण इथे ग्रंथपाल रोज नोंदी बदलतात. दोन प्रती झाल्या की खरी कोणती, हा घोळ सुरू होतो.

माझ्या मते सेटिंग्ज फाइलमध्ये दुसरं डेटाबेस कनेक्शन द्या, त्यासाठी फक्त सिलेक्टचा (म्हणजे वाचण्याचा) अधिकार असलेला वेगळा युजर बनवा (हे कृपया टाळू नका), आणि छोट्या मॉड्यूलमधून व्ह्यूजला (द्रुपलमध्ये याद्या बनवून दाखवणाऱ्या भागाला) ग्रंथसूचीच्या टेबलची ओळख करून द्या. ही ओळख लिहिताना तिच्या 'बेस' या भागात 'डेटाबेस' ही की, म्हणजे कोणतं कनेक्शन वापरायचं ते, लिहायला विसरू नका. नाहीतर व्ह्यूज ते टेबल द्रुपलच्याच डेटाबेसमध्ये शोधत बसतं. दोन वेगळ्या कनेक्शनमधल्या टेबलांचा जॉइन (नोंदी एकत्र जोडणं) मात्र व्ह्यूजमध्ये होत नाही. कॅश (पानाची साठवलेली प्रत) वेळेवर आधारित, म्हणजे ठरावीक वेळाने ताजी होणारी, ठेवा, कारण बाहेर झालेला बदल द्रुपलला कळत नाही.

आणि मराठी नावं! जुनं टेबल लॅटिन१ (युरोपीय लिपीसाठीची जुनी अक्षर-संकेतपद्धत) असेल तर देवनागरीऐवजी 'à¤' अशी अक्षरं दिसू शकतात. आधी चार-पाच नोंदींवर तपासून बघा.