मदत हवी आहे : डावा कान सुटत नाही, तरी स्कूबाचा कोर्स करावा का?

नमस्कार. मी नाशिकची, वय 46. रोज सकाळी तलावावर पोहते, दमाची काही अडचण नाही.

गेल्या डिसेंबरात मालवणला पहिल्यांदा स्कूबा केलं. चारेक मीटरवर डाव्या कानात दाभण खुपसल्यासारखी कळ आली. सोबतच्या माणसाला कानाची खूण केली, तर त्याने मान डोलावून मला अजून खाली नेलं. पुढे दोन दिवस कानाला दडा बसला होता.

तरीही ती दहा मिनिटं डोळ्यांपुढून हलत नाहीत. प्रवाळाच्या खडकाला एक पोपटमासा तोंड लावून खरवडत होता आणि ते कर्र-कर्र मला चक्क ऐकू येत होतं! हातभर अंतरावर पिवळ्या पाठीचे, काळ्या पट्ट्यांचे मासे, थवाच्या थवा. मला परत जायचंय.

नंतर वाचलं, की दाब पहिल्या 10 मीटरमध्येच दुप्पट होतो, म्हणून कान वरच्या वरच जास्त छळतो. कानाच्या आतला-बाहेरचा दाब सारखा व्हावा (कान 'सुटावा') म्हणून नाक दाबून हलकी फुंकर कळ येण्याआधीच, दर अर्ध्या-एक मीटरला मारायची. दुखलं तर थोडं वर यायचं, जोर लावायचा नाही. हे बोटीवर कुणी धड सांगितलं नव्हतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी पडदा शाबूत असल्याचं सांगितलंय. घरी सराव करते तेव्हा उजवा कान 'टक्' वाजतो, डावा गप्पच.

फेब्रुवारीत लेकीबरोबर अंदमानला, स्वराज द्वीपला जाऊन 18 मीटरपर्यंतचा ओपन वॉटर (स्कूबाचा सुरुवातीचा) कोर्स करायचा विचार आहे. तुमच्यापैकी कुणाचा एकच कान अडायचा का? अडलेला कान वर करून मान कलती ठेवणं, गिळणं, जबडा हलवणं, यातलं कशाने सुटला? सर्दीची गोळी घेऊन उतरणार नाही. खाली असताना तिचा असर ओसरला तर वर येताना हवा अडकते म्हणतात.

अजून एक. त्या दिवशी आम्ही दुपारीच गगनबावड्याचा घाट चढून निघालो होतो. डाइव्हनंतर लगेच उंचावर गेलं, तर हवेचा दाब कमी होऊन अंगात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, म्हणून एकाहून जास्त डाइव्ह केल्या तर विमानाआधी 18 तास थांबायला सांगतात. आपलं नाशिकही 550 मीटरहून उंचावर. मालवणहून गाडीने परतणारे तुम्ही घाट चढण्याआधी किती तास थांबता?

पाव टाकून मासे न जमवणारा, प्रवाळावर पाय ठेवू न देणारा प्रशिक्षक माहीत असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. तिकिटं येत्या रविवारी काढायची आहेत.