नागपुरातलं ‘जेवून राहिले’ म्हणजे जेवण झालं की व्हायचंय?

प्रश्न
नागपुरात नवा आहे. ‘साहेब जेवून राहिले’ म्हटलं की जेवण आटोपलं असं वाटतं. ‘गाडी येऊन राहिली’ म्हणजे आली की यायची आहे? ‘राहिलं’ म्हणजे बाकी असलेलं, एवढंच मला माहीत.

प्रतिसाद १
दोन्ही नाही. साहेब आत्ता जेवताहेत, गाडी वाटेवर आहे. कान ‘राहिले’कडे नको, त्याच्या आधीच्या शब्दाकडे ठेवा. ‘हिशोब करून राहिला’ म्हणजे आत्ता करतो आहे. ‘हिशोब करायचा राहिला’ म्हणजे बाकी आहे, आणि ‘हिशोब करत राहिला’ म्हणजे करतच बसला. घाईच्या बोलण्यात ‘राहिले’चं ‘रायले’ होतं, तेही ओळखीचं करून घ्या.

भूतकाळाला नुसता ‘होता’ जोडतात: ‘काल पाऊस पडून राहिला होता’. नकारात ‘नाही’ मधे शिरतं: ‘लाइट येऊन नाही राहिली’. ठरलेल्या बेतालाही हेच रूप चालतं, म्हणून ‘उद्या आम्ही पुण्याला जाऊन राहिलो’ ऐकून ते पुण्यात मुक्कामाला होते असं समजू नका. रोजच्या सवयीला मात्र हे वापरत नाहीत. तिथे ‘तो रोज बर्डीवर (म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात) जाते’. हो, पुरुषालाही ‘जाते’च.

प्रतिसाद २
बोलायला लागलात की चूक होते ती जुळणीत. ‘मी पोळी खाल्ली’मध्ये क्रियापद पोळीमागे जातं, पण ‘मी पोळी खाऊन राहिलो’मध्ये खाणाऱ्यामागे, कारण ‘राहणे’ अकर्मक. बाई ‘मी खाऊन राहिली’ म्हणेल. ‘तू काय करून राहिला?’, ‘तुम्ही काय करून राहिले?’ यांत ‘राहिलास’, ‘राहिलात’ घातलंत तर लगेच बाहेरचे वाटाल.

प्रतिसाद ३
याला अशुद्ध म्हणणं मला अजिबात पटत नाही. हिंदीतल्या ‘कर रहा है’शी नातं उघड दिसतं. नागपूर 1861 पासून मध्य प्रांताची राजधानी, नंतर 1956 पर्यंत मध्य प्रदेशची, म्हणजे हिंदीचा शेजार जुनाच. पण हिंदीत नुसता धातू येतो, इथे ‘करून’ हे मराठीचंच रूप आलं. अर्जात ‘करत आहे’ लिहा, चहाच्या टपरीवर बिनधास्त ‘करून राहिलो’ म्हणा.

प्रश्नकर्ता
मग ‘बाबा झोपून राहिले’ म्हणजे झोपलेत?

प्रतिसाद १
हव. थोड्या वेळानं फोन करजो.