'प्रभूशी वैयक्तिक नातं' म्हणजे रोज नेमकं काय करायचं?

नवी_वही

सर्वांना सलाम. लहानपणी बाप्तिस्मा, पुढे दृढीकरण (मोठेपणी विश्वासाची कबुली देण्याचा विधी), रविवारची उपासना सहसा चुकत नाही, असे आपल्या मंडळ्यांत पुष्कळ जण आहेत. उपदेशात ऐकायला मिळतं की धर्म पाळणं वेगळं आणि प्रभूशी वैयक्तिक नातं वेगळं, त्यासाठी रोज त्याच्याजवळ बसा. बसून करायचं काय, हे मात्र कोणी उलगडून सांगत नाही.

रोज वीस मिनिटं मिळतात असं धरा. वाचन कुठून सुरू करावं? काहीच जाणवत नसेल तेव्हा काय करावं? आणि 'देव माझ्याशी बोलला' असं लोक म्हणतात, ते पारखायचं कसं? घर एका खोलीचं, माणसं पाच, हेही लक्षात घेऊन सांगा.

गव्हाचा_दाणा

सलाम. हा फरक पंडिता रमाबाईंनी फार नेमका सांगितलाय. त्यांचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, पण त्या धर्माचा प्राण जो ख्रिस्त, तो अजून सापडलेला नाही. ही त्यांची स्वतःची साक्ष आहे. एवढी विदुषी, शास्त्र जाणणारी, तरी हे घडलं. म्हणून ज्यांना आज तसं वाटतं त्यांनी स्वतःला खोटे ख्रिस्ती समजू नये.

आता वाचन. बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून, उत्पत्तीपासून, सुरू करू नका. गोष्टी आहेत तोवर वाचन छान चालतं. पुढच्याच निर्गम या पुस्तकाच्या २५व्या अध्यायापासून निवासमंडपाची, म्हणजे उपासनेच्या तंबूची, मापं लागतात, मग लेवीय हे नियमांचं पुस्तक येतं आणि बहुतेकांचा नेम तिथेच मोडतो. मार्काच्या शुभवर्तमानापासून सुरू करा. अध्याय सोळाच आहेत, पण रोज अख्खा अध्याय नको, एकच प्रसंग घ्या. जुन्या भाषांतराची भाषा अडत असेल तर 'सुबोध बायबल' शेजारी ठेवा.

प्रत्यक्ष कसं करायचं ते एका उताऱ्यावर सांगतो: मार्क १०, ओवी ४६ ते ५२. आंधळा बार्तीमय यरीहोच्या वाटेवर भीक मागत बसलाय. पहिली दोन मिनिटं नुसतं गप्प बसा. "प्रभू, मी आलोय, तू आहेसच," एवढं म्हटलं तरी पुरे. मग उतारा तीनदा वाचा, त्यातला एकदा तरी ओठ हलवून. पहिल्या वाचनात गोष्ट कळते. दुसऱ्यात बारकावे दिसतात: लोक त्याला गप्प करतात, तो आणखी मोठ्यानं ओरडतो, बोलावणं येताच अंगावरचं वस्त्र टाकून उठतो. भिकाऱ्याचं ते वस्त्र म्हणजे त्याची जवळपास सगळी मालमत्ता असणार. तिसऱ्या वाचनात एका वाक्यावर थांबा. इथे ते वाक्य येशूचा प्रश्न आहे: मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे? हाच प्रश्न त्यानं थोडंसं आधी, ३६व्या ओवीत, याकोब आणि योहान या शिष्यांनाही विचारलाय. त्यांनी उजवी-डावीकडची आसनं मागितली. आंधळ्यानं दृष्टी मागितली.

यात आठ-नऊ मिनिटं जातील. आता तोच प्रश्न आज तुम्हाला विचारलाय असं समजून उत्तर द्या. खरं उत्तर द्या, देवळात शोभेल असं नव्हे. कर्ज फेडायचंय, सासूशी पटत नाही, पोराच्या निकालाची धास्ती आहे, जे असेल ते. बरेच जण वाचतात एक आणि प्रार्थनेत मागतात भलतंच. अशानं वाचन एकीकडे राहतं, प्रार्थना दुसरीकडे, आणि संवाद काही होत नाही. त्याच्या शब्दाला तुमचं उत्तर गेलं पाहिजे. शेवटच्या दोन मिनिटांत वहीत तारीख, ओवी आणि आज करायची एकच गोष्ट लिहा. 'जास्त प्रेम करीन' हे लिहिणं नव्हे. 'थोरल्या भावाला संध्याकाळी फोन' हे लिहिणं.

ज्यांना अध्यायावर चालायचंय त्यांच्यासाठी सोपा हिशेब: नव्या करारात २६० अध्याय आहेत. आठवड्याला पाच घेतले की बरोबर ५२ आठवडे. दोन दिवस राहिलेलं भरून काढायला मोकळे.

सांजदीप_वसई

सकाळ जमत नसेल तर रात्रीची एक रीत सुचवते. आम्हा कॅथलिकांत ती येशूसंघाचा संस्थापक संत इग्नेशियस याच्यापासून चालत आलीये, त्याच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला पोपची मान्यता १५४८ साली मिळाली. दहा-बारा मिनिटं लागतात. आधी दिवसाबद्दल आभार, तेही ठरावीक गोष्टीबद्दल: पाणी वेळेवर आलं, ताप उतरला. मग पवित्र आत्म्याकडे उजेड मागायचा. मग सकाळपासून दिवस तासातासानं नजरेखालून घालायचा: कुठे देवाजवळ होतो, कुठे तुटलो. मग क्षमा. शेवटी उद्याच्या एखाद्या ठरावीक प्रसंगासाठी कृपा.

इथे होणारी चूक म्हणजे आभार गाळून थेट पापांची यादी. तसं केलं की पंधरवड्यात ते नकोसं होतं, कारण देव म्हणजे हजेरी घेणारा मास्तर वाटू लागतो. क्रम बदलू नका. आणि तेच पाप पुन्हापुन्हा दिसत असेल तर मनातल्या मनात घोळवत बसू नका, फादरांकडे जाऊन पापनिवेदन करा.

कोरडेपणाबद्दल इग्नेशियसचे दोन नियम फार उपयोगाचे आहेत. मन उदास, कोरडं असताना आधी घेतलेला चांगला निर्णय बदलायचा नाही. आणि प्रार्थना आवरती घ्यावीशी वाटली तर ठरल्या वेळेपेक्षा थोडं जास्तच बसायचं. वीस मिनिटं ठरलीत तर एकवीस.

नवी_वही

दोघांचेही आभार. एक शंका आहे. उत्तर देताना खरं बोला म्हणता, पण देवावर राग असेल तर? तक्रार केलेली चालते?

गव्हाचा_दाणा

चालते, आणि ती कशी करायची हे शास्त्रच शिकवतं. स्तोत्र १३ उघडा, सहाच ओव्या आहेत. पहिल्या दोनांत 'कोठवर?' हा एकच प्रश्न चार वेळा. पुढच्या दोनांत मागणं: माझ्याकडे पाहा, उत्तर दे. शेवटच्या दोनांत भरवसा आणि गाणं. हीच घडण घेऊन आपल्या शब्दांत लिहून काढा. फक्त तिसऱ्या भागाकडे ओढूनताणून पोचू नका. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, तरी ते शास्त्रात आहे. तेही देवालाच उद्देशून म्हटलंय, त्याच्याकडे पाठ फिरवून नाही.

आणि शब्दच फुटत नसतील तर गा. 'उपासना संगीत' हे आपलं गीतांचं पुस्तक हाताशी असतंच. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक तर तुकोबांच्या सेतूवरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. ते ख्रिस्ताला आई म्हणतात, गुरू म्हणतात. वैयक्तिक नात्यासाठी आपल्या मराठीत एवढी भाषा तयार असताना ठरीव 'धन्यवाद प्रभू, धन्यवाद प्रभू' वर अडून राहायचं कारण नाही.

जुनी_पायवाट

राहिलेल्या दोन मुद्द्यांवर लिहितो.

एका खोलीच्या घराबद्दल: मत्तय ६:६ मध्ये 'आपल्या खोलीत जा, दार लाव' असं आहे. तिथला मूळ ग्रीक शब्द कोठीच्या खोलीसाठी, धान्य-सामान ठेवायच्या जागेसाठीही वापरतात. म्हणजे वेगळं देवघर लागतं असं नाही. गच्ची, जिन्याची वरची पायरी, डबा भरून झाल्यावरचा ओटा, काहीही चालेल. जागा आणि वेळ मात्र तीच ठेवा, रोज शोधत बसलात की दहा मिनिटं त्यातच जातात. वचन मोबाईलवर वाचत असाल तर आधी इंटरनेट बंद करा. त्याच अध्यायात, तीनच ओव्या पुढे, येशू जी प्रार्थना शिकवतो तिच्यात 'मी' हा शब्दच नाही, सगळं 'आम्ही', 'आमचं' आहे. दार लावून बसलात तरी मंडळी सुटत नाही. आणि कुणाशी अबोला धरून प्रार्थना अडल्यासारखी वाटत असेल तर मत्तय ५:२३-२४ वाचा: अर्पण वेदीपाशी ठेवायचं, आधी भावाशी समेट करायचा.

'देव बोलला' याबद्दल: डोळे मिटून बायबल उघडायचं आणि बोट पडेल ती ओवी आजचा संदेश मानायची, हे टाळा. तसं केल्यानं ओवीचा मागचापुढचा संदर्भ तुटतो आणि मनात आधीच असलेलं तेवढं तिच्यातून ऐकू येतं. मनात काही ठामपणे आलं तर ते लिहून ठेवा आणि पारखा, १ थेस्सलनी ५:२१ तेच सांगतं. ते शास्त्राच्या एकूण शिकवणीशी जुळतं का? येशूच्या स्वभावाला शोभतं का? तुमची हुजरेगिरी न करणाऱ्या दोन जाणत्या विश्वासणाऱ्यांना ते पटतं का? पंधरा दिवसांनीही तितकंच ठाम राहतं का? घाई, धाक किंवा मोठेपणाची गुंगी असेल तर थांबा.

लग्न, नोकरी सोडणं, मोठी रक्कम देणं यांत चारही कसोट्या लावा. औषधं बंद करण्याचा 'संदेश' आला तर गोळ्या चालू ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. आणि दुसऱ्या कुणी येऊन "प्रभूनं मला तुमच्याबद्दल सांगितलंय" म्हटलं, तर नम्रपणे ऐका, घरी जाऊन वहीत लिहा, आणि त्या दिवशी होकार देऊ नका.